'तुम्ही आहात ना?' : रॅप्चरच्या शिकवणीवरून एका मंडळीत पडलेला पेच

हे प्रकरण एका स्वतंत्र प्रॉटेस्टंट मंडळीतले, म्हणजे चर्चमधले आहे. नावे, ठिकाण आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्या वेळी मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाचा चिटणीस होतो, म्हणजे इतिवृत्त लिहिणारा. त्यामुळे काय लिहिले गेले ते मला माहीत आहे, आणि काय लिहायचे राहिले तेही.

पार्श्वभूमी

मंडळी मध्यम आकाराची. पाळकसाहेब सेमिनरीत शिकलेले, आमच्याकडे येऊन सहा वर्षे झालेली. बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या २० व्या अध्यायातली हजार वर्षे ही मोजायची वर्षे नाहीत, ख्रिस्ताच्या पहिल्या आणि दुसऱ्या येण्यामधला सगळा काळ म्हणजेच ते राज्य, असे त्यांचे मत. ते हे व्यासपीठावरून फारसे बोलत नसत. विचारले तर सांगत.

दुसरे मुख्य पात्र म्हणजे युवकांचा बायबल अभ्यास घेणारे सर. निवृत्त गणित शिक्षक, ब्रदरन या प्रॉटेस्टंट पंथाच्या परंपरेत वाढलेले, अर्धे शास्त्र तोंडपाठ. त्यांची शिकवण अशी : सात वर्षांचे महासंकट येण्याआधी प्रभू विश्वासणाऱ्यांना मेघांत वर उचलून घेईल (यालाच रॅप्चर म्हणतात), मग ख्रिस्तविरोधी प्रकट होईल, सात वर्षांनी प्रभू संतांसह पृथ्वीवर येईल आणि हजार वर्षे राज्य करील. या सगळ्याचा त्यांनी एक तक्ता केला होता. दानीएलाच्या ९ व्या अध्यायातली ७० सप्तके, एक सप्तक सात वर्षांचे धरून ४९० वर्षे. ६९ सप्तकांपर्यंत निळी सलग रेघ, मग तुटक रेघ, आणि शेवटचे सप्तक लाल शाईत. तुटक रेघेवर लिहिले होते, 'मंडळीचा काळ'. तक्ता इतका नीटनेटका होता की पाहणाऱ्याला वाटावे, उत्तर आलेच आहे, आता फक्त ताळा करायचा.

बरीच वर्षे दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालल्या. रविवारी एक, मंगळवारी दुसरी. वडीलमंडळात आम्ही याला मोठ्या मनाचे लक्षण समजत होतो. खरे सांगायचे तर तो आळस होता. कोण काय शिकवतो हे कुणी विचारतच नव्हते.

अडचण कशी उभी राहिली

जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराण यांच्यात युद्ध पेटले. बारा दिवसांत ते थांबले, पण मंगळवारच्या अभ्यासाला खुर्च्या कमी पडू लागल्या. त्यानंतर मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले. त्यांत एक तारीख होती : २३ सप्टेंबर. यहुदी पंचांगातला कर्ण्यांचा सण त्या सुमारास येत होता, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात 'शेवटच्या कर्ण्या'चा उल्लेख आहे. दोन कर्णे जोडले की तारीख तयार.

सरांनी ही तारीख कधीच सांगितली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर बऱ्याच जणांनी तिचे खापर त्यांच्या डोक्यावर फोडले.

जुलैतल्या एका संध्याकाळी पाळकसाहेबांच्या घरचा फोन वाजला. पलीकडे नऊ वर्षांची एक मुलगी, आमच्याच मंडळीतली. तिने एवढेच विचारले, "पाळकसाहेब, तुम्ही आहात ना?" ते म्हणाले, "आहे की बाळा, का गं?" ती म्हणाली, "मग ठीक," आणि फोन ठेवला.

पाळकसाहेबांनी ही गोष्ट वडीलमंडळाच्या बैठकीत गंमत म्हणून सांगितली. आम्ही हसलो. मीही हसलो. इतिवृत्तात तिची नोंद नाही.

महिनाभराने तिच्या आईकडून पूर्ण हकिकत कळली. मुलगी शाळेतून आली तेव्हा दार नुसते लोटलेले, पंखा फिरतोय, टेबलावर आईचा चष्मा, आणि घरात कोणी नाही. आई दहा मिनिटांसाठी शेजारी गेली होती. मुलीने हाका मारल्या, मग ठरवले की आई वर गेली आणि आपण राहिलो. खात्री करायला तिने अशा माणसाला फोन केला जो नक्की गेलेला असणार. त्या दिवसापासून ती रात्री दोनदा तरी उठून आईवडिलांच्या खोलीत डोकावत होती.

हे तिच्या डोक्यात आले संडे स्कूलमधून. सरांच्या अभ्यासाला येणारी एक तरुणी लहान मुलांचा वर्ग घेई. तिने मत्तय २४ वर रंगवायचे चित्र दिले होते. जात्यावर दोन बायका, 'एक घेतली जाईल व एक ठेवली जाईल'. एक बाई पूर्ण काढलेली, दुसरीची जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवलेली. हेतू वाईट नव्हता, मुलांना मजा वाटावी एवढाच.

त्याच सुमारास कळले की अभ्यासगटातल्या एका तरुणाने नोकरीचा राजीनामा दिला आहे. नोटीसचा काळ धरून त्याचा कामावरचा शेवटचा दिवस होता १९ सप्टेंबर, शुक्रवार. पुढच्या मंगळवारी २३ तारीख.

आम्ही प्रश्न काय समजलो

इथे आमची पहिली मोठी चूक झाली. घाबरलेली मुलगी आणि नोकरी सोडलेला तरुण, अशी दोन माणसे समोर असताना आम्ही विषयपत्रिकेवर लिहिले : 'शेवटच्या काळाविषयी मंडळीची अधिकृत भूमिका'. पुढच्या दोन बैठका त्यातच गेल्या.

पाळकसाहेब म्हणाले, संकटापूर्वी मंडळी गुपचूप उचलली जाईल ही शिकवण १८३० च्या दशकात ब्रदरन पुढारी जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि १९०९ मध्ये स्कोफिल्डच्या टीपांसह निघालेल्या बायबलने घरोघरी नेली. अठराशे वर्षे मंडळीने असे काही शिकवले नव्हते. सरांना बैठकीला बोलावले होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, नवे म्हणजे खोटे असेल तर लूथरचे काय? आणि हजार वर्षांचे खरेखुरे राज्य तर जस्टिन मार्टर आणि इरेनियस हे जुने ख्रिस्ती लेखक दोघेही मानत होते, दुसऱ्या शतकात. तुमचे मत पाचव्या शतकात धर्मपंडित ऑगस्टीनने बसवले, आणि तो स्वतः आधी आमच्या बाजूचा होता."

दोघांचेही खरे होते. ऑगस्टीनने आपले आधीचे मत बदलल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे. पण सरांच्या उत्तरात एक सांधा निखळलेला होता, जो त्या दिवशी कुणाच्या लक्षात आला नाही. जस्टिन आणि इरेनियस हजार वर्षे मानत. मंडळी संकटाआधी उचलली जाईल असे ते म्हणत नाहीत. उलट ख्रिस्तविरोधी संतांना छळील असे इरेनियस लिहितो. प्रभू हजार वर्षांच्या आधी येणार हा एक प्रश्न, आणि मंडळी संकटाच्या आधी, मध्ये की नंतर उचलली जाणार हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले असते तर निम्मे भांडण तिथेच मिटले असते.

मग सरांनी मंडळीची घटना बाहेर काढली. विश्वास-कबुलीच्या नवव्या कलमात लिहिले होते : 'प्रभू येशूचे सहस्रवर्षपूर्व, दृश्य व सदेह पुनरागमन'. म्हणजे प्रभू हजार वर्षांच्या राज्याआधी येणार. ती कबुली स्थापनेच्या वेळी दुसऱ्या कुठल्याशा मंडळीच्या कागदावरून उतरवलेली होती, आणि त्या एका शब्दाकडे वर्षानुवर्षे कुणाचे लक्ष गेले नव्हते. आमच्या या कबुलीवर पाळकसाहेबांची सही होती. त्यांचे म्हणणे, नेमणुकीच्या वेळी आपण आपले मत तोंडी सांगितले होते. सांगितले असणार. पण त्या बैठकीचे इतिवृत्तच सापडले नाही.

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. शब्द लागू करायचा तर पाळक जातात. शब्द काढायचा तर सरांना आणि त्यांच्या माणसांना वाटणार, घर आमचे आणि आम्हालाच बाहेर काढले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, कलम आहे तसे पाळणे. कागदोपत्री सरळ. पण त्याने सरांची शिकवणही अधिकृत ठरत नव्हती, कारण 'सहस्रवर्षपूर्व' या शब्दात रॅप्चर केव्हा याचे उत्तर नाही. जॉर्ज एल्डन लॅड यांच्यासारखे विसाव्या शतकातले मोठे अभ्यासक हजार वर्षे मानत आणि मंडळी संकटातून जाईल असेही म्हणत.

दुसरा, विषयच बंद करणे. एका वडिलांनी हे जोर लावून मांडले. पण न्यायसिंहासन, पुनरुत्थान, दुसरे आगमन हे सगळे वगळून उपासनेत उरते काय? आणि आपण बोलायचे थांबलो तरी मोबाइल थांबणार नव्हता.

तिसरा, पाळकसाहेबांचे मत अधिकृत करणे. त्याला इतिहासात आधार भक्कम आहे. लूथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीचे १७ वे कलम मेलेल्यांच्या पुनरुत्थानापूर्वी धार्मिकांचे पृथ्वीवर राज्य होईल हे मत नाकारते, आणि रोमन कॅथलिक शिकवणही हजार वर्षांचा असा अर्थ नाकारते. पण आमच्या मंडळीतली निम्मी माणसे सरांच्या परंपरेतून आलेली. याने फूट ठरलेली होती.

चौथा पर्याय मला एका जुन्या मित्राकडून कळला. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल फ्री चर्चने २०१९ मध्ये आपल्या कबुलीतला 'सहस्रवर्षपूर्व' हा शब्द काढून तिथे 'वैभवी' हा शब्द घातला होता. हजार वर्षे मानणाऱ्यांना बाहेर न काढता न मानणाऱ्यांनाही आत जागा केली. नायसीन मतांगीकार या जुन्या विश्वास-कबुलीतही तेच आहे : जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो वैभवाने पुन्हा येईल. कधी, कोणत्या क्रमाने, ते तिथे लिहिलेले नाही.

काय केले

चौथ्या पर्यायाकडे कल झाला, पण मतदान लगेच नको असे ठरले. आधी चार संध्याकाळी चर्चा ठेवायच्या. नियम एकच : दुसऱ्याच्या मतावर बोलण्याआधी ते मत अशा रीतीने मांडायचे की तो स्वतः म्हणेल, "हो, हेच माझे म्हणणे."

पहिल्या संध्याकाळी पाळकसाहेबांना हे तीन प्रयत्नांत जमले नाही. सर दर वेळी मान हलवत, "नाही साहेब, असे आम्ही म्हणत नाही." तिसऱ्या वेळी कळले की त्या तुटक रेघेला सरांकडे कारण होते. दानीएल ९:२६ मध्ये अभिषिक्ताचा वध आणि नगराचा नाश हे दोन्ही ६९ सप्तकांनंतर येतात, आणि शेवटच्या सप्तकाचा उल्लेख त्यानंतर. येशूचा वध आणि इ.स. ७० मधला यरुशलेमचा नाश यांत चाळीसेक वर्षे आहेत. म्हणजे खंड मजकुरातच आहे, असे सरांचे म्हणणे. पाळकसाहेबांना पटले नाही, पण ते थांबले. पटणे आणि थांबणे यांतला फरक मी त्या दिवशी पाहिला.

तिसरी संध्याकाळ थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राची. ४:१७ मध्ये आपण प्रभूला 'सामोरे' होण्यासाठी मेघारूढ होऊन घेतले जाऊ, असे आहे. 'घेतले जाणे' याच्या लॅटिन भाषांतरातल्या क्रियापदावरूनच रॅप्चर हा शब्द पडला. पाळकसाहेबांनी बोट ठेवले ते 'सामोरे' या शब्दावर. मूळ ग्रीक शब्द प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्येही आहे. पौल रोमजवळ आला तेव्हा तिथले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे आले, आणि त्याच्यासोबत रोमकडे परतले. आपल्या भाषेतही सामोरे जाणे म्हणजे येणाऱ्याला वाटेत गाठून घरी घेऊन येणे. मग विश्वासणारे मेघांत जातात ते प्रभूला घेऊन परत येण्यासाठी, सात वर्षे स्वर्गात राहण्यासाठी नव्हे.

सरांनी एक मिनिट विचार केला. "शब्द चांगला पकडलात. पण सामोरे जाण्यात दिशा येत नाही. योहान १४:३ मध्ये प्रभू म्हणतो, मी तुम्हांला आपल्याजवळ घेईन. आणि आधीच्याच वचनात पित्याच्या घरातल्या जागेचे बोलणे आहे."

निकाल लागला नाही. पण मागे बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारले, "थेस्सलनीकाकरांतल्या त्या वचनाच्या पुढचे वचन कोणी वाचेल का?" वाचले. या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे ते वचन. त्या म्हणाल्या, "त्यांची माणसे गेली होती म्हणून पौलाने हे लिहिलं. आणि आपण त्यावरून पोरांना रडवतोय." त्यांचे यजमान त्याच वर्षी गेले होते.

त्याच रात्री बारा वर्षांखालच्या मुलांच्या वर्गातून हा विषय वगळला. याला मतदान लागले नाही. मत्तय २४ मधले 'घेतली जाईल' हे तारणाचे की न्यायाचे, यावरही दोन मते आहेत; ३९ व्या वचनात पुराने ज्यांना वाहून नेले ते वाचलेले नव्हते. त्या तरुणीला हे कुणी कधी सांगितलेच नव्हते. ती खूप रडली.

३१ ऑगस्टला ठराव झाला : मंडळीच्या कोणत्याही वर्गात प्रभूच्या येण्याची तारीख सांगितली जाणार नाही. ठराव सरांनीच मांडला. प्रभू कोणत्याही क्षणी येऊ शकतो, हा त्यांच्या शिकवणीचा कणा. तारीख ठरली की तो कणाच मोडतो. त्या दिवसाविषयी व घटकेविषयी कोणालाही ठाऊक नाही, हे मत्तय २४:३६ त्यांनी न वाचता म्हटले.

आमचा एकच निर्णय मला आजही निर्विवाद बरोबर वाटतो. त्या तरुणाकडे आम्ही पाळकसाहेबांना पाठवले नाही, सरांना पाठवले. पाळकसाहेबांचे त्याने ऐकले नसते. त्याच्या लेखी ते 'न मानणारे' होते. सर दोन तास बसले. २ थेस्सलनीकाकरांस वाचले : प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असे कोणी म्हटले तर घाबरू नका, आणि तिसऱ्या अध्यायात, ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. तरुणाने ऐकून घेतले. पण राजीनामा मंजूर झाला होता आणि त्याच्या जागी माणूसही नेमला होता.

काय झाले

२३ सप्टेंबर आली आणि गेली.

तरुण सहा आठवडे उपासनेला आला नाही. आला तेव्हा शेवटच्या ओळीत बसला. त्याला आता कमी पगाराचे काम मिळाले आहे.

मतदान नोव्हेंबरात झाले. दोन-तृतीयांश मते लागत होती, त्याहून थोडीच जास्त पडली. कलमात 'वैभवी' शब्द आला. तीन कुटुंबे मंडळी सोडून गेली. त्यांतले एक पाळकसाहेबांच्याच मताचे होते, त्यांना हा ठराव मिळमिळीत वाटला. सरांनी विरोधात मत दिले आणि पुढच्या मंगळवारी नेहमीप्रमाणे वर्ग घेतला. तक्ता अजून भिंतीवर आहे. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली आहे : 'या क्रमाविषयी विश्वासणाऱ्यांत मतभेद आहेत.' गणिताच्या मास्तरांना ही ओळ लिहायला किती जड गेले असेल!

वेगळे काय करता आले असते

फोनची गोष्ट ऐकली त्याच दिवशी कोणीतरी त्या घरी जायला हवे होते. गेला तो एक महिना. आम्हाला लागणारी सगळी माहिती त्या एका प्रश्नात होती. फक्त तो लहान मुलीने विचारला होता.

कलम नऊचा वाद आणि माणसांची काळजी या दोन गोष्टी वेगळ्या बैठकांत घ्यायला हव्या होत्या. चार संध्याकाळींचा उपयोग झाला हे खरे, पण त्या तरुणासाठी त्या फार उशिरा आल्या. त्याचा राजीनामा आम्हाला कळला तेव्हा नोटीसचा काळ सुरू होऊन दहाच दिवस झाले होते. त्याच आठवड्यात सर गेले असते तर कदाचित तो मागे घेता आला असता. कदाचित म्हणतो, कारण त्याचा निश्चय तेव्हा पक्का होता.

आणि २४ तारखेची तयारी आम्ही केलीच नाही. हे माझ्या मते सर्वांत मोठे राहून गेलेले काम. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला प्रभूची वाट पाहिली. तो दिवस इतिहासात 'महान निराशा' म्हणूनच ओळखला जातो. २०११ मध्ये अमेरिकन रेडिओ उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे सांगितली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली, आणि पुढच्या वर्षी चूक कबूल केली; तोवर काही जणांनी साठवलेले पैसे जाहिरातींवर घातले होते. तारीख चुकली की विश्वासापेक्षा आधी लाज येते, आणि लाजलेला माणूस मंडळीत येत नाही. हे सगळे माहीत असून २४ सप्टेंबरला सकाळी त्या मुलाच्या दारात आमच्यातला एकही जण गेला नाही. आम्ही सगळे आपापल्या घरी, तारीख टळली म्हणून निश्चिंत होतो.

पाळकसाहेबांनी १८३० चा मुद्दा पहिल्याच वाक्यात काढायला नको होता, असे ते आता स्वतः म्हणतात. ज्याच्या आईने त्याला ही आशा मांडीवर बसवून शिकवली, त्याला ती नवी आहे असे सांगितले की तो पुढचे काही ऐकत नाही.

मुलीकडे नंतर सर आणि पाळकसाहेब दोघे मिळून गेले. काय बोलले ते त्यांनी सांगितले नाही. आई म्हणते ती आता रात्रीची एकदाच उठते. शेजारी जायचे असले तर आई टेबलावर चिठ्ठी ठेवते, चष्म्याखाली.

जात्याच्या चित्राचे उरलेले कागद संडे स्कूलच्या कपाटात आहेत. ते टाकायचे की दुसऱ्या बाईची आकृती पूर्ण करून पुन्हा वापरायचे, हा मुद्दा दोन बैठका पुढे ढकलला गेला आहे. या वेळी त्याची नोंद मी इतिवृत्तात केली आहे.